खुर्ची डुगडुगते तेव्हा

घरात चार खुर्च्या असल्या की त्यातली एक तरी डुगडुगतेच. मग पायाखाली कागदाची घडी, नाहीतर दोन खिळे, आणि पुढे कधीतरी भंगारवाला. आमच्या घरी मात्र आईच्या गुडघ्यांमुळे हा विषय हसण्यावारी नेता येईना. तिला जमिनीवर बसता येत नाही, आणि उठताना ती सगळा भार खुर्चीच्या हातावर टाकते. नेमका तेव्हाच सांधा निखळला तर खुब्याचे हाड गेलेच म्हणायचे.

आमच्या खुर्च्या सागवानी, एका कार्यालयाच्या लिलावात घेतलेल्या. घसारा लागून लागून वहीत त्यांची किंमत संपली होती. लाकडाची संपली नव्हती.

लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर्षानुवर्षे हे चालले की आडव्या दांडीचे टोक पायाच्या खोबणीत सैल होते आणि जुना सरस भुगा होऊन गळतो. अशा वेळी खिळा ठोकणे हा सर्वात वाईट इलाज. त्याने सैलपणा जात नाही, उलट लाकूड चिरते. आधीच्या कोणा हुशाराने ठोकलेले सात खिळे उपटण्यातच आमचा एक रविवार गेला.

खरे काम म्हणजे सांधा पूर्ण उघडणे. त्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करावी, कारण दांड्या दिसतात सारख्या पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलकेच ठोकले की सांधा सुटतो. मग कोमट पाण्याचे फडके आणि चाकू घेऊन कोरे लाकूड दिसेपर्यंत जुना सरस खरवडायचा. इथे कंटाळा करू नये. फेविकॉल लाकडात मुरून धरतो. जुन्या थरावर लावला तर त्या थरासकट सुटून येतो. लाकूड वाळले की मगच तो लावावा. टोक फारच बारीक झाले असेल तर रंध्याची पातळ ढलपी त्याला चिकटवून जाडी भरून काढावी.

आवळायला शिकंजा आमच्याकडे कुठला! चारही पायांभोवती सुतळीचे दुहेरी वेढे घेतले, खाली जुने कापड घातले, आणि मध्ये काठी अडकवून पीळ दिला. मुलीने भूमितीचा अभ्यास कामी लावून समोरासमोरचे पाय कर्णावर मोजले. एक कर्ण बोटभर जास्त भरला. फेविकॉल ओला होता म्हणून खुर्ची तेव्हाच दाबून सरळ करता आली; वाळल्यावर ती जन्मभर तीन पायांवर उभी राहिली असती.

नंतर 24 तास कोणी बसायचे नाही. आई तेवढा वेळ पलंगावर बसून कुरकुरत होती.

प्लास्टिकच्या खुर्चीला यातले काहीच लागू नाही. तिच्या पायाला चीर गेली की फेविकॉल धरत नाही. तिच्यावर कुंडी ठेवावी, म्हाताऱ्या माणसाला बसवू नये.

येत्या रविवारी दुसरी खुर्ची उघडायची आहे. तिचे मागचे दोन्ही पाय हलतात.