सतरावा आणा

मराठीतले 'वाटणे' हे क्रियापद मोठे खोडकर आहे. चटणी वाटतात तेही वाटणे, पेढे वाटतात तेही वाटणे आणि मनाला वाईट वाटते तेही वाटणेच! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण ज्यांनी वडिलोपार्जित घराची वाटणी जवळून पाहिली आहे, त्यांना या तिन्ही अर्थांत फारसे अंतर वाटणार नाही.

महाडला आमचे एक जुने घर आहे. आजोबांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले. खाली दोन बिऱ्हाडे, माडीवर दोन, मागच्या पडवीकडे एक. शिवाय पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या बाजूला, डोंगरउतारावर थोडी वरकस जमीन. आजोबांना चार मुलगे आणि एक मुलगी. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाच सारखे वाटे. माझे वडील आणि दोन काका आता नाहीत. आत्या आहे, आणि ती त्याच घरात, तळमजल्यावरच्या पुढच्या खोल्यांत राहते. वाटणी करावयाचे ठरले तेव्हा खर्चाचा अंदाज लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी मराठी शिकवतो आणि माझे अक्षर बरे आहे, एवढीच माझी त्या कामाची पात्रता!

वहीच्या पहिल्याच ओळीवर मी 'मोजणी' असे लिहिले आणि ठाण्याचे चुलतबंधू म्हणाले, "मोजायचंय काय त्यात? कुठली खोली केवढी, हे आपल्याला ठाऊक नाही का?"

प्रत्येक कुटुंबात असे म्हणणारा एकजण असतोच. आणि तो लबाड असतो असे मुळीच नाही. भावाभावांत मोजमाप आले की माया गेली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु माझा अनुभव उलट आहे. न मोजलेली जागा ज्याच्या त्याच्या मनात दरवर्षी थोडी थोडी वाढत असते. पाच जणांच्या मनांतली पडवी एकत्र केली तर ती सावित्री ओलांडून पलीकडे जाईल!

आणि मोजणीला आमचा मुलूख काही नवखा नाही. रायगड आमच्याच तालुक्यात. त्या गडावरून चाललेल्या राज्यात जमीन कशी मोजत, ते सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पुढे इंग्रजी अमलात शंकू साखळी आली. तिची लांबी तेहतीस फूट, आणि गंमत अशी की तिचे भागही रुपयासारखे सोळा आणे! एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता साखळी गेली. उपग्रहांवरून स्थान घेणारे रोव्हर नावाचे यंत्र काठीवर बसवून मोजणीदार येतो.

या मोजणीची सरकारी फी मला वाटली होती त्याहून बेताची निघाली. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार उरले. नगरपालिकेच्या हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला ३००० रुपये, द्रुतगतीला १२०००. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत २००० आणि ८०००. एकत्र कुटुंबातल्या शेतजमिनीच्या पोटहिस्सा मोजणीची फी तर २०२५ साली २०० रुपयांवर आली. पण लग्नाचा खर्च जसा केवळ भटजींच्या दक्षिणेवरून काढता येत नाही, तशी मोजणीही नुसत्या फीवरून धरता येत नाही. जुन्या नकला काढणे, झाडी तोडायला दोन गडी, हद्दीचे दगड, ठाण्या-पुण्याहून येणाऱ्यांचे गाडीभाडे. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात; त्या दिवशी ते आले आणि आपले कोणी हजर नसले, तर पुढच्या तक्रारीचे बी तिथेच पडते. म्हणून मी गाडीभाडे चैनीच्या सदरात न घालता मोजणीच्या सदरात घातले.

पोलादपूरच्या उतारावर मला पहिला धडा मिळाला. आमच्या काकांना वाटे की, सातबारावर जमीन आहे त्याहून कमी लागली आहे. तसे नव्हते. मोजणीत अंतर नेहमी आडवे धरतात. साखळी होती तेव्हाही ती उतारावर अंथरीत नसत, सपाट ताणून धरीत. चढून जाताना पायांना जे जास्तीचे लागते ते नकाशाला लागत नाही. त्यातून सातबारावर पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो. एकूण क्षेत्राचे सरळ पाच भाग पाडले असते तर एकाच्या वाट्याला नाचणीचे खाचर आणि दुसऱ्याच्या वाट्याला निव्वळ कातळ आला असता.

महाडच्या घरी दुसरा धडा; आणि तो अधिक कठीण होता. सरकारी मोजणी भुईच्या चतुःसीमा ठरवून देते. आतल्या खोल्या, जिना, माडी यांची वाटणी करायची तर प्रत्येक मजल्याचा नकाशा खासगी इंजिनियरकडून करून घ्यावा लागतो, मूल्यांकन करून घ्यावे लागते, आणि वाटणीपत्राला तो नकाशा जोडावा लागतो. खालची जमीन तुकडे न होता सर्वांची अविभक्तच राहते. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र केले तरी तत्त्व तेच. या कामाचा खर्च आमच्याकडे सरकारी फीच्या चौपट झाला.

नकाशा आला. तळमजल्याची पुढची बाजू आणि माडीची पुढची बाजू चौरस फुटांत अगदी सारखी. सारे खूश झाले. ठाण्याचे बंधू म्हणाले, "मग प्रश्नच मिटला! आत्या खाली, मी वर."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्या कागदावर काढलंय का रे कुणी?"

२२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी महाडात पाहिला, त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागणार नाही. त्याच दिवशी तळियेवर आणि पोलादपूरकडे केवनाळ्यावर दरडी कोसळल्या आणि माणसे गेली. आमच्या घरात माणूस गेले नाही. पण पाणी दाराच्या चौकटीवर चढले आणि आत्याचा संसार, धान्याच्या डब्यांपासून लग्नातल्या पैठणीपर्यंत, चिखलात गेला. ती रात्र तिने माडीच्या जिन्यावर बसून काढली.

नकाशा सपाट असतो. त्याला पोलादपूरचा चढ दिसत नाही आणि महाडचे पाणीही दिसत नाही. साखळी सोळा आणे मोजते. सतरावा आणा माणसांनीच मोजावयाचा असतो. आम्ही मूल्यांकन करणाऱ्यांना पुन्हा बोलावले, पुराचे पाणी जमेस धरून माडीची किंमत चढी लावली, आणि माडी घेणाऱ्यांनी तळमजल्याच्या वाटेकऱ्यांना फरकाची रक्कम द्यायची असे ठरले. ठाण्याचे बंधू दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सुचवले की, जिना आणि माडीची मागची खोली कोणाच्याच वाट्याला घालू नये.

हे निभले याचे कारण, माझ्या मते, एकच. मोजणीचा, इंजिनियरचा, मूल्यांकनाचा सारा खर्च आम्ही आधी पाच सारख्या भागांत गोळा करून एका खात्यात ठेवला होता. एकाने पैसे देऊन आणलेला नकाशा कितीही खरा असो, इतर चौघांना तो त्याचाच नकाशा वाटतो. ज्या कागदासाठी आत्यानेही आपल्या पेन्शनीतून पाचवा हिस्सा दिला होता, त्याला प्रश्न विचारण्याचा तिचा हक्क मग कोणी नाकारू शकले नाही.

दिवाळीत फराळाला सारे जमतात तेव्हा हा विषय निघतोच, आणि कोणीतरी 'सणासुदीला कशाला' म्हणून तो बंद करतो. तो जरूर निघू द्यावा. हद्द कुठे होती, सामाईक विहीर कोणाची, हे सांगणारी माणसे अजून पाटावर बसलेली असतात तेव्हाच मोजणी स्वस्त पडते.

आमच्या वाटणीपत्रात शेवटी एक कलम आहे: पुराच्या वेळी तळमजल्यावरील वाटेकऱ्यांनी सामानसुमानासह माडीच्या मागील सामाईक खोलीत राहावे, त्यास कोणी हरकत घेऊ नये. वकिलांनी त्या ओळीचे वेगळे पैसे लावले नाहीत. गेल्या पावसाळ्यात आत्याने धान्याचे दोन डबे जूनमध्येच वर नेऊन ठेवले. ते नेऊन ठेवायला ठाण्याचे बंधू खास आले होते.