ताठ की चिवट?

गाडी जोरात पळवायची म्हटलं की सगळ्यांना इंजिन आठवतं. मागचं चाक गाडीला धरून कोण ठेवतं, याची चौकशी कोणी करत नाही! मी पडले कॉन्व्हेंटची. ‘स्ट्राँग’ म्हणजे ‘मजबूत’, एवढ्यावर माझं मराठी भागायचं. खरं मराठी वर्कशॉपने शिकवलं.

2007 मध्ये पीथमपूरला बाहा स्पर्धा सुरू झाली आणि पुढे किती कॉलेजांत खडबडीत रस्त्यावरच्या एकसीटर गाड्यांचं वेड शिरलं! आमची सरावाची गाडी त्याच वेडातली. तिचे मागचे ट्रेलिंग आर्म भंगारातल्या जुन्या कारचे. पत्रा दाबून केलेले, उघड्या पन्हळीसारखे. एक टोक बुशमधून चासीला, दुसऱ्या टोकाला चाक. साध्या रस्त्याला ते पुरेसे. पण मुरमावर जोरात वळवलं की मागचं चाक जरा आपल्याच मनाने वळायचं आणि गाडीची शेपटी हलायची. चालवणार होती माझी रूममेट. तेव्हा हा काही मार्कांचा प्रश्न नव्हता.

टीमचं मत एकच, “जाड पट्ट्या मारा सगळीकडे!” एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्या मामांनी आर्म हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “ताई, नुसतं लोखंड चढवू नका. पन्हळ बंद करा. अन् ताठ करायच्या नादात चिवटपणा घालवू नका.”

ताठ, मजबूत, चिवट! पुस्तकातले स्टिफनेस, स्ट्रेंग्थ आणि टफनेस मला त्या दिवशी खरे कळले. ताठ ते लवत नाही. मजबूत ते जास्त भार पेलतं. चिवट ते वाकतं, पण काडकन मोडत नाही.

हॉस्टेलवर करून बघा. ड्रॉइंग शीटची गुंडाळी पिळा, सहज पिळली जाते. आता तिची कड लांबीभर टेपने चिकटवा. कागद तोच, पण पिळून दाखवा बरं! सरासरी 20 मिमी त्रिज्येच्या आणि 2 मिमी जाडीच्या नळीचा हिशोब केला, तर उभ्या चिरलेल्या नळीपेक्षा अखंड नळी पिळाला सुमारे 300 पट ताठ निघते. खड्ड्यात आर्म मुख्यतः वाकतो, पण वळणावर टायरला जमिनीपाशी आडवा रेटा बसतो आणि आर्म पिळला जातो. आमचा रोग हाच होता. सगळीकडे जाड पट्ट्या मारल्या असत्या तर चाकाबरोबर हलणारं वजन वाढलं असतं आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडायला लागला असता.

मग आम्ही आर्मच्याच जाडीचा पत्रा घेऊन पन्हळ बंद केली. पत्र्याची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती कापली, कारण ताठ भाग जिथे एकदम संपतो तिथेच तडा जातो. आर्म जिगमध्ये आवळून आधी टाके मारले, मग थोडं इकडे थोडं तिकडे असं वेल्डिंग केलं. सलग केलं तर उष्णतेने आर्म वाकडा होतो. पाणी साचून आतून गंजू नये म्हणून खाली बारीक भोक ठेवलं. बुशला हात लावला नाही.

आपल्या नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात गेलात तर तोफेखाली फोटो काढून परत येऊ नका. विजयंता रणगाड्याची चाकं बघा. प्रत्येक चाक एका आर्मवर आणि त्या आर्मचं दुसरं टोक टॉर्शन बारला. बार पिळला जावा म्हणूनच बसवलेला, आर्म मात्र पिळायचा नाही. कोणी लवायचं आणि कोणी ताठ राहायचं, हे आधी ठरवलेलं!

आता मुरमावर आमच्या गाडीची शेपटी हलत नाही. तरी प्रत्येक फेरीनंतर आम्ही जोड पुसून, टॉर्च मारून तडा शोधतो. तडा दिसला तर त्यावर पुन्हा वेल्डिंग नाही, आर्म सरळ भंगारात! ज्युनिअर्सना एवढंच सांगणं, पट्टी कापण्याआधी आर्म कुठे पिळतोय ते शोधा. सीटवर बसणारं आपलंच माणूस असतं.