‘हिला काय झालंय?’ की ‘हिच्यावर काय गुदरलं?’

आम्ही अक्काला फसवून नेलं, हे आधी कबूल करतो. “कचेरीत अर्जावर अंगठा द्यायचाय” असं सांगून तिला रिक्षात बसवलं आणि मनोरुग्णालयाच्या दारात उतरवलं. आम्ही चार कार्यकर्ते होतो. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन घेणारे, हक्कांची शिबिरं भरवणारे. पण अक्काला काय हवंय हे तिलाच विचारावं, असं त्या दिवशी एकालाही सुचलं नाही. वेड लागलेल्या माणसाला कसले आलेत हक्क, हे आमच्याही डोक्यात कुठेतरी घर करून होतं.

अक्काचा नवरा गटाराच्या चेंबरमध्ये उतरला, तो जिवंत वर आला नाही. हा आपला कामगारच नव्हता, असं सांगून ठेकेदाराने हात झटकले. पुढच्या दोन वर्षांत अक्का बोलेनाशी झाली, आंघोळ करेनाशी झाली. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिली की किंचाळायची. वस्तीतले काही म्हणाले, अंगात येतंय, देवऋष्याकडे न्या. आम्ही त्यांना अंधश्रद्धेवर भाषण दिलं, बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. पण देवऋषी काय आणि आम्ही काय, अक्काला कुणीच काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी भेटायला गेलो तर तिचे केस भादरलेले होते. उवा झाल्या म्हणून. एक हात कॉटला बांधलेला होता. का, तर ती बाथरूममध्ये जायला तयार नव्हती, ओढत नेलं तर चावली. केसपेपरवर शेरा होता, ‘सहकार्य करत नाही’. वॉर्डात कुणीतरी आमच्यासमोरच म्हणालं, “यांना स्वच्छतेची सवयच नसते.” ‘यांना’ म्हणजे कुणाला, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

त्या रात्री आम्ही मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 पहिल्यांदा नीट वाचला. 29 मे 2018 पासून तो लागू आहे आणि आमच्या एकाही शिबिरात त्याचा उल्लेख झालेला नव्हता. कलम 18 म्हणतं, मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे आणि त्यात जात, वर्ग, धर्म, लिंग यांवरून भेदभाव चालणार नाही. कलम 20 नुसार सक्तीने केशवपन करता येत नाही. खासगीपणा, स्वतःचे कपडे, बाईच्या पाळीची सोय, हे सगळं त्याच कलमात आहे. कलम 97 सांगतं की तात्काळ इजा टाळायला दुसरा कोणताच मार्ग नसेल तरच रुग्णाला बांधावं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारणाची नोंद करून. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. कर्मचारी कमी आहेत हे कारणही चालत नाही. साखळदंड तर पूर्णपणे निषिद्ध. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा 28 मनोरुग्ण साखळदंडांमुळे पळू शकले नाहीत आणि जळून मेले. त्या राखेची आठवण या कायद्याच्या पाठीशी आहे.

पण कायदा वॉर्डात चालतो तो सिस्टरच्या हातांनी. डॉक्टर राउंड घेऊन जातात. चोवीस तास रुग्णापाशी असतात त्या सिस्टर आणि आया.

दुसऱ्या आठवड्यात पाळी बदलली आणि एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, “हिच्यावर काय गुदरलंय? बाथरूमच्या दाराशी गेली की हिचा श्वास का अडकतो?” आम्ही चेंबरची गोष्ट सांगितली. बंद दार, अंधार, खालून येणारा गटाराचा वास. त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी अक्काचा हात सोडवला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात चादरीचा आडोसा केला, गरम पाण्याची बादली ठेवली आणि अक्काला म्हणाल्या, “पडदा उघडा ठेवायचा की लावायचा, तुम्ही सांगा. मी इथेच आहे.” अक्का अर्धा तास नुसती बसून राहिली. मग तिने स्वतःच पाणी घेतलं.

आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा ती हीच. तिला महागडं यंत्र लागत नाही. हे माणूस असं का वागतंय, याच्या मागे काय घडलंय, ते विचारावं लागतं. त्याला सुरक्षित वाटू द्यावं लागतं, काय करणार ते आधी सांगावं लागतं, निवड त्याच्या हातात द्यावी लागते. आणि आपल्या देशात ‘काय घडलंय’ या प्रश्नाच्या उत्तरात अनेकदा जात असते. ती वगळून केलेलं निदान अर्धवट राहतं.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात एक प्रसंग घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. विनयात चांगल्या शुश्रूषकाची लक्षणंही सांगितली आहेत. त्यात मलमूत्राची किळस न करणं आहे, लाभापोटी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणं आहे आणि रुग्णाच्या मनाला धीर देणारं बोलणं आहे. ज्या समाजाने मैला उचलणाऱ्याला अस्पृश्य ठरवलं, त्याच भूमीत हा विचार जन्मला होता. रुग्णसेवा आम्ही नाइटिंगेलबाईंच्या नावाने शिकतो, बुद्धांच्या नावाने का शिकत नाही?

आता सावरण्याबद्दल. अक्का गोळ्या घेते, तिला झोप लागते. पण गोळीने ठेकेदाराचं खोटं पुसलं जात नाही. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. अक्काला एक रुपयाही मिळालेला नाही. न्याय मिळणं हाही सावरण्याचाच भाग आहे, हे त्या सिस्टरच्या एका प्रश्नाने आमच्या लक्षात आलं, आणि आम्ही स्वतःला चळवळीचे म्हणवतो!

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत सिस्टर आणि आयांची पदं कायमस्वरूपी भरा. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डामागे एकच सिस्टर ठेवायची आणि तिच्याकडून करुणेची अपेक्षा करायची, हा तिच्यावरही अन्याय आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात जातीचा आघात शिकवा. रुग्णाचे हक्क मराठीत प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लावा. आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या शिबिरात हा कायदा घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही अक्काकडे गेलो. भरपाईच्या अर्जावर अंगठा हवा होता. तिने आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “या वेळी खरंच अर्ज हाय ना?”

आम्ही अर्ज तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तिने मधे दोनदा थांबवून नवऱ्याचं नाव नीट लिहिलंय का ते विचारलं. मग अंगठा दिला.

जय भीम.