नांदुरा रस्त्यावरची कढई

कोजागिरीला जगदंबेचा उत्सव सुरू होऊन खामगावात बाहेरगावच्या माणसांची वर्दळ वाढू लागली, बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची आवक रोजच्या रोज चढू लागली, आणि दिवसभर ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ संध्याकाळच्या पहिल्या गारव्याबरोबर खाली बसू लागली, म्हणजे नांदुरा रस्त्याच्या कडेने चालताना एका ठिकाणी माझे पाऊल आपोआप मंदावते. तेथे प्रथम तापलेल्या लोखंडाचा, मग लसणाचा आणि त्यापाठोपाठ व्हिनेगरचा वास येतो. आणि नंतर दिसते ती लाल कापडावर पिवळ्या अक्षरांत ‘चायनीज’ एवढाच शब्द लिहिलेली हातगाडी, तिच्यामागची चार टेबले, दहाबारा प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ब्लोअरची घरघर चालू होताच कोळशाच्या भट्टीतून कढईच्या काठावर झेपावणारा तांबडा जाळ. गेली सात वर्षे मी या गाडीचे गिऱ्हाईक आहे. एवढ्या काळात माणसाला देवळाचा पुजारी आणि टपालाचा शिपाई जितका परिचित होतो, तितकाच ही कढई हलवणारा तरुण मला परिचित झाला आहे.

‘हे काही खरे चिनी जेवण नव्हे,’ असे आमचे जग पाहून आलेले स्नेही सांगतात, आणि त्यात असत्य काही नाही. मांचुरियातील माणसाला आमचे पानकोबीचे मंचुरियन ओळखता येणार नाही, आणि आम्ही ज्याला शेजवान म्हणतो त्या लाल चटणीशी सेचुआन प्रांताचा संबंध नावापुरताच आहे. परंतु एखाद्या पदार्थाला आपल्या उगमाचा दाखला प्रत्येक पंगतीत सादर करावा लागावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. कारण या जेवणाची वंशावळ तपासू गेल्यास ती बनावट निघत नाही, ती केवळ लांबची आणि कष्टाची निघते.

ज्या रस्त्याच्या कडेला ही गाडी उभी असते, तो आमच्या सवयीतला ६ नंबरचा महामार्ग. दप्तरात त्याचा क्रमांक आता बदलला आहे, तरी जुन्या हिशेबाने तो पश्चिमेकडे सुरतेला आणि पूर्वेकडे अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर ओलांडून थेट कोलकात्याला पोचतो. आणि आपल्या देशातील चिनी स्वयंपाकाचे पहिले बिऱ्हाड त्या कोलकात्यातच पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, टोंग आच्यू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याने हुगळीच्या काठी बजबजजवळ जमीन मिळवून उसाचा मळा आणि साखरेचा कारखाना उभारला, आणि त्याच्या नावावरून त्या जागेला आचिपूर हे नाव पडले. पुढे सुतार आले, चर्मकार आले, दंतवैद्य आले. हाक्का लोकांनी कोलकात्याच्या टांग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले आणि त्याच कारखान्यांच्या आडोशाला त्यांच्या स्त्रियांच्या चुली पेटल्या. आम्ही गाडीवर ‘एक हक्का नूडल्स’ असे सहज म्हणतो, तेव्हा एका संपूर्ण जमातीचे नाव आपण उच्चारत आहोत याची जाणीव आम्हांला नसते. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर आपल्या देशातील चिनी समाजातील सुमारे तीन हजार माणसे, त्यांत वृद्ध आणि लहान मुलेही, राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आली, आणि कित्येक परतून पाहतात तो घरे आणि दुकाने हातची गेलेली. ज्यांच्यावर आपण एवढा अविश्वास दाखवला, त्यांच्या पाककलेला पुढे गावोगाव, रस्त्यारस्त्यावर आपण आश्रय दिला. हा विचार मनात आला की घास क्षणभर हातातच राहतो.

त्या कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईस आले, आणि १९७५ साली क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात कोणी काही नवे मागितले म्हणून त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली नेहमीची मंडळी घेऊन, गरम मसाल्याच्या जागी सोयासॉस घालून कोंबडीचे मंचुरियन सिद्ध केले, अशी हकीगत सांगितली जाते. कोंबडीची जागा पुढे कोबीने घेतली, क्लबच्या स्वयंपाकघराची जागा हातगाडीने घेतली, आणि कुणाच्या फर्मानावाचून, कोणत्याही जाहिरातीवाचून तो पदार्थ तालुक्यातालुक्यात पोचला.

खामगावला तर बाहेरचे जग नवे नाही. कापसाच्या व्यापाराने हे गाव एकोणिसाव्या शतकातच असे गाजले की १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे आले आणि जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा त्यांच्या हस्ते खुला झाला. आमच्या गाठी त्या फाट्याने समुद्रापार गेल्या. तिकडून कापड आले, भाव आले, भावांतील मंदीही आली. अशा पेठेच्या गावात चीनच्या नावाची एक कढई येऊन बसली, यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही.

मला विस्मय वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझी आजी हयात होती तेव्हा तिला एकदा मी या नूडल्स घरी आणून दाखवल्या. तिने त्या बोटांनी उचलून उजेडात धरल्या आणि म्हणाली, “शेवयाच तं हायेत. कोणं वळल्या?” कोणत्या यंत्राने केल्या, असे तिने विचारले नाही, कोणी वळल्या, असे विचारले. चैत्र-वैशाखात अंगणातल्या खाटांवर वाळणाऱ्या शेवया, काडीवर वळून आमरसाबरोबर खाल्ले जाणारे सरगुंडे, आणि रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी दिलेली खमंग फोडणी, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या घराला तळलेल्या भाताची आणि परतलेल्या शेवयांची ओळख करून द्यावी लागत नाही. राइससाठी भात आदल्या वेळचा, थंड आणि मोकळा लागतो, ऊन भात कढईत चिकटतो, हे मला गाडीवरच्या तरुणाने सांगितले तेव्हा मी माझ्या आईचेच वाक्य पुन्हा ऐकत होतो.

आता सेवेविषयी. एका मोठ्या शहरातील वातानुकूलित चिनी उपाहारगृहात काही वर्षांपूर्वी मी कुटुंबासह गेलो होतो. भिंतीवर कागदी कंदील होते, पाणी काचेच्या पेल्यात आले, पदार्थांची यादी एखाद्या पोथीएवढी जाड होती. आम्ही मागितलेले सूप पाऊण तासाने आले, ते कोमट होते, आणि मधल्या वेळात आमच्यामागून आलेल्या दोन टेबलांवर ताटल्या मांडल्या गेल्या; मी विचारले तेव्हा वाढप्याने ‘येतंय’ एवढाच शब्द माझ्याकडे न पाहता उच्चारला. बिल मात्र न मागता आले. त्या जेवणाची चव आज मला आठवत नाही, वाईटही आठवत नाही. फक्त शेजारी बसलेल्या माझ्या वृद्ध वडिलांची, रिकाम्या चमच्याकडे पाहत बसलेली मुद्रा आठवते, आणि इतक्या वर्षांनंतरही त्या आठवणीने मन दुखावते.

आणि त्याच्याच शेजारी दुसरी आठवण उभी राहते. नांदुरा रस्त्यावर एका संध्याकाळी मी पैसे देऊन बसलो आणि वीज गेली. ब्लोअर थांबला, जाळ कोळशात परतला. कढईपाशी उभा असलेला तो तरुण अंधारात पाच पावले चालत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काका, लाइट गेली. धा-पंधरा मिनटं थांबता का, का पैसे वापस देऊ?” मी म्हणालो, होईल तसे दे. त्यावर तो म्हणाला, “थंड्या भट्टीवर करून देलं असतं जी, पण मंग ते शिजन, भाजन नाही.” मी वीस मिनिटे थांबलो. दिवे आले, जाळ उठला, आणि कढई ज्या वेगाने त्याने हलवली त्यात कोबीचा करकरीतपणा शाबूत राहून कडा तेवढ्या करपल्या; चिनी पाकविद्येचे सारे मर्म जर प्रखर अग्नी आणि अल्प काळ या दोन गोष्टींत असेल, तर ते या माणसाला पूर्ण उमगले होते, आणि त्यात तडजोड करण्यापेक्षा गिऱ्हाइकाचे पैसे परत करणे त्याला सोपे वाटत होते. पुण्यात चार वर्षे कुणाच्या तरी हाताखाली राहून तो हे शिकला. त्याचे स्वतःचे गाव इथून दहाबारा मैलांवर.

त्याच्या गाडीवर येणारी माणसे मी पाहत बसतो. कांदा-लसूण न खाणारे व्यापारी कुटुंब आले की तो कढई घासून, पुसून, पाणी उकळवून मगच त्यांचे मंचुरियन करतो, आणि ते लोक हे सारे उभे राहून पाहतात. त्या पाहण्यात संशय नसतो, एक प्रकारचा आदर असतो. एसटीचा वाहक घाईत येतो, उभ्याउभ्या हाफ राइस खातो आणि पाण्याने चूळ भरून धावतो. महाविद्यालयातील चार मुले एक फुल प्लेट मागवतात आणि चार चमचे. प्रत्येकाला तो तरुण एकच प्रश्न विचारतो, “तिखट किती टाकू जी?” आणि वऱ्हाडातला माणूस, ज्याच्या घरी ठेच्यावाचून भाकर उतरत नाही, तो या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने, क्षणभर थांबून देतो. ‘मीठ जास्त पडलं’, ‘कालच्यापेक्षा बरं होतं’, ‘शेवयांचा लगदा झाला’, असे अभिप्राय जाताना मोकळेपणाने दिले जातात, आणि तो ते ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी मीठ कमी असते.

गेल्या वर्षीच्या आश्विनातील एक संध्याकाळ मला विशेष लक्षात आहे. खेड्यावरून आलेला एक शेतकरी आपल्या आठनऊ वर्षांच्या मुलाला घेऊन शेजारच्या टेबलावर बसला. काखेत रिकाम्या बारदान्याची घडी, सदऱ्यावर आणि हातांवर सोयाबीनची पिवळट धूळ. आमच्या भागात कापसाच्या आणि ज्वारीच्या कित्येक वावरांत आता सोयाबीन उभे असते. चीनच्या भूमीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेले हे पीक आमच्याकडे गेल्या तीसचाळीस वर्षांत असे रुजले की ते परदेशी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते विकले जाते, त्याचे तेल निघते, ढेप निघते. पण आमच्या चुलीवर ते दाण्याच्या रूपाने क्वचितच चढते. “एक हाफ नूडल. लेकराले. मले नाही पाह्यजे,” असे तो म्हणाला.

मुलगा भट्टीजवळ जाऊन जाळ पाहू लागला, म्हणून बापही उठला. कढईत काळ्या द्रवाची धार पडताच धूर उठला.

“हे काळं काय टाकता भाऊ?”

“सोयासॉस.”

“सोया म्हंजे?”

“तुमचंच सोयाबीन, दादा. आंबवून, मीठ टाकून करतेत.”

“आमचं काऊन? आमचं तं आज ओलं निंगालं,” तो म्हणाला. हमीभावाच्या खरेदीत सहसा ओलावा १२ टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि खुल्या बाजारात तेवढ्याच निमित्ताने भाव खाली येतो. परतीच्या पावसाने त्या वर्षी किती जणांचा हिशेब त्या एका आकड्यापाशी चुकला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. तरुणाने हातातला झारा थांबवला नाही. मुलाची प्लेट भरून दिली, मग बाटली उचलली आणि म्हणाला, “हात करा.”

त्या धुळीने माखलेल्या तळव्यावर एक काळा थेंब पडला. शेतकऱ्याने तो आधी हुंगला, मग जिभेला लावला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. वीस वर्षे पिकवलेल्या धान्याची चव माणूस प्रथमच घेत असताना त्याच्या तोंडाकडे पाहणे मला अनुचित वाटले, म्हणून मी मान वळवली.

“खारं हाय,” तो शेवटी म्हणाला. मग सदऱ्याच्या खिशातली घडी केलेली हिशेबपट्टी बाजूला सारून त्याखालचे पैसे त्याने मोजले, बारदाना खुर्चीवर ठेवला आणि मुलाशेजारी बसला.

“भाऊ, आनखी एक हाफ करजा.”

“तिखट किती टाकू जी?”

तो क्षणभर थांबला.