बॅलन्सचं बटण

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या खालच्या फळीवर एक जुना रिसीव्हर आहे. रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा नव्हे! रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असला की अमेरिकेत त्याला रिसीव्हर म्हणतात, हे धाकट्या भावाने 1983 साली मला समजावून सांगितलं, तेव्हा मलाही टेलिफोनच आठवला होता. पायोनिअरचा, एसएक्स मालिकेतला, चंदेरी तोंडाचा, लाकडी पेटीचा. त्याने तो शिकागोत काही वर्षं वापरला आणि नवा घेतल्यावर हा मला वाईला आणून दिला. मी मराठी शिकवणारा शिक्षक, विजेच्या बाबतीत फ्यूज बदलण्यापलीकडे शून्य. पण चाळीस वर्षं तो मीच चालवतोय.

चालवायचा म्हणजे एक छोटा सोपस्कारच असतो. तो अमेरिकेतल्या विजेवर चालणारा, म्हणून आधी स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावायचा. आपले 230 व्होल्ट थेट दिले तर खेळ खलास. मग व्हॉल्यूम शून्यावर आहे ना ते बघायचं आणि मगच बटण दाबायचं. डायलचा दिवा लागतो, तीन-चार सेकंद काहीच होत नाही, आणि मग आतून 'टक्' असा आवाज येतो. तो आल्याशिवाय हात लावायचा नाही. स्पीकरच्या तारा संच चालू असताना कधीही हलवायच्या नाहीत, कारण लाल आणि काळी तार एकमेकींना चिकटली तर आतले ट्रान्झिस्टर जळतात. ही सगळी भावाची शिकवण. स्पीकर तेवढे इथले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची दोन आणले आणि आमच्या सुताराने खोकी करून दिली.

आणखी एक गोष्ट भावाने तेव्हाच सांगून ठेवली होती. अमेरिकेत एफएमचे चढे आवाज पाठवताना जास्त उचलून पाठवतात, म्हणून तिकडचे संच ते परत जास्त दाबतात. भारतात हे प्रमाण कमी आहे. त्यामुळे तिकडच्या संचावर आपली केंद्रं जरा बसक्या आवाजात लागतात. "दादा, ट्रेबल थोडा वाढवून ठेवत जा," तो म्हणाला होता. पुढे इकडे एफएम आलं तेव्हा ट्रेबलचं बटण मी घड्याळात एक वाजतो तिथे ठेवलं. पुण्याचं 101 मध्ये खंबाटकीचा डोंगर असल्याने लागलं तर लागायचं, खरखर फार झाली की मोनोचं बटण दाबायचं. मोनो केलं की खरखर बरीच निवते.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे.

दोनेक वर्षांपूर्वी उजवा स्पीकर बसला. म्हणजे बंद पडला नाही, पण आवाज रजईत गुंडाळल्यासारखा येऊ लागला. माझ्याकडे एका वादनाची जुनी कॅसेट आहे, तिच्यात तबला उजवीकडे आहे. त्यातली चाट ऐकूच येईना, नुसता डग्गा घुमायचा. मी बॅलन्सचं बटण उजवीकडे सरकवलं. काही महिन्यांनी आणखी थोडं. ट्रेबल तर केव्हाच तीनच्या पुढे गेला होता आणि ते मी एफएमच्या भानगडीवर ढकललं होतं. कॅसेटला ते लागू नाही, हे कळायला पदवी लागत नाही! पण माणसाला कळून घ्यायचं नसलं की नसतं.

शेवटी भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, अंदाज नको, तारांची अदलाबदल कर. संच बंद करून डावी तार उजवीकडे लाव, उजवी डावीकडे. रोग डावीकडे गेला तर दोष संचात. उजवीकडेच राहिला तर स्पीकरमध्ये."

केलं. रोग उजवीकडेच राहिला. म्हणजे स्पीकर. मग सोसायटीतल्या एका मुलाला हाताशी घेऊन खोकीच बदलली, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. रोग उजवीकडेच! म्हटलं, भिंतीचा दोष असेल, उजवीकडे पडदा आहे. (मराठीचा मास्तर कारणं शोधण्यात कमी पडत नाही.) मग काय मनात आलं कोण जाणे, मी खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसलो.

आता दुसरंच खोकं बसकं वाजत होतं.

मी बराच वेळ तसाच भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. हिने आतून विचारलं, "अहो, काय चाललंय?" मी म्हटलं, जरा इथे येऊन बस. बॅलन्स मधोमध केला, ट्रेबल खाली आणला आणि तिला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, "दोन्हीकडे सारखंच तर आहे." आणि मग म्हणाली, "मी दोन वर्षं सांगतेय."

सांगत होतीच. टीव्ही मोठा लावता, दुसऱ्यांदा विचारता, फोन नेहमी डाव्या कानाला धरता. एकदा ती म्हणाली "फोन आलाय" आणि मी "कोण आलंय" ऐकून दार उघडायला गेलो होतो. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. मी अगदी परीक्षेला बसल्यासारखा बसलो होतो. कागदावरच्या आलेखात दोन्ही रेघा उजवीकडे उतरत होत्या. 4000 हर्ट्झला डाव्या कानाची रेघ 40 डेसिबलपर्यंत, उजव्याची 65 पर्यंत. डॉक्टर म्हणाले, वयाने दोन्ही कान साधारण सारखेच उतरतात, एवढा फरक असेल तर नस तपासायला हवी, एमआरआय करू. गाठ असू शकते हे त्यांनी शांतपणे सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. काही निघालं नाही.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या विषयातलीच निघाली. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं चढी आणि क्षीण असतात, ती आधी जातात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि वाटतं, लोक पुटपुटतात. छत्तीस वर्षं मी मुलांना स्वर आणि व्यंजनं शिकवली. व्यंजन स्वराशिवाय उच्चारता येत नाही, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! व्यंजनाशिवाय नुसता स्वर कसा लागतो, ते मात्र आत्ता कळलं.

आणि नातू आठवला. दहा वर्षांचा आहे, पुण्याला असतो. गेली दोन वर्षं आला की मी त्याला सारखं म्हणायचो, "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस, स्पष्ट बोल." वाचायला बसवून उच्चार घोटून घ्यायचो. एका दिवाळीला तर सुनेसमोर जरा जास्तच बोललो. नंतर तो माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलू लागला. मला वाटलं, मोबाइलचा परिणाम. त्याच्या उच्चारात काही खोट नव्हती. मी त्याला फोन करून तसं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, आबा." एवढंच. आता आला की आपणहून माझ्या डाव्या बाजूला बसतो, पण अजून मोजकंच बोलतो. त्याला वेळ लागेल.

भावालाही कळवलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मी सहा वर्षं दोन्ही कानांत मशीन घालतोय, दादा." मला कधी बोलला नव्हता!

मीही आता मशीन घालतो. कुकरची शिट्टी आणि वर्तमानपत्राचा कागद यांचा एवढा आवाज असतो हे विसरलोच होतो. गाण्याला मात्र ते चालत नाही, बोलण्यासाठी बेतलेलं आहे, तंबोरा त्यात विचित्र थरथरतो. म्हणून ऐकायला बसताना काढून ठेवतो आणि मोनोचं बटण दाबतो. दोन्ही बाजूंचं सगळं दोन्ही खोक्यांतून येतं, उजवीकडचा तबला डाव्या कानालाही मिळतो. भाऊ 1983 साली म्हणाला होता की चांगलं केंद्र असेल तर या बटणाला कोणी हात लावत नाही. असो. गीतरामायण 1955 साली पुणे केंद्रावरून सुरू झालं, तेव्हा आम्ही ते शेजारच्यांच्या रेडिओवर, एकाच स्पीकरमधून ऐकलं होतं. काही कमी पडल्याचं आठवत नाही.

बॅलन्स मधोमध आहे. ट्रेबलबद्दल हिने एकच अट घातली. इतकी वर्षं त्या किरकिऱ्या आवाजाने तिचे कान किटायचे, म्हणून मी संच लावला की ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची, हेही मला त्याच दिवशी कळलं. बटण आता पुन्हा एकच्या जागी आहे. मला गाणाऱ्याच्या तोंडावर टॉवेल धरल्यासारखं वाटतं. ती मात्र बाहेर येऊन बसते, निवडायची भाजी घेऊन, माझ्या डावीकडे.