किनेटिकचा बेल्ट

पुण्यात एके काळी नुसतं 'किनेटिक' म्हटलं की समोरच्याला किनेटिक होंडाच कळायची. १९८४ साली ही स्कूटर आली, तेव्हा बटणावर चालू होणारी आणि गिअर न टाकता पळणारी स्कूटर हे आपल्याकडे मोठंच आश्चर्य होतं. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली, २००८ मध्ये किनेटिकचा दुचाकींचा धंदा महिंद्राकडे गेला. तरी या गाड्या अजून जिन्याखाली, ताडपत्रीखाली सापडतात. आमच्याकडची १९९४ ची आहे, बाबांची. तिचा बेल्ट बदलला, त्याबद्दल लिहितोय. स्कूटरमध्ये रस नसलेल्यांनी मधले दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण गाळू नका, त्यात गंमत आहे :-)

'बिनगिअरची' हे नाव तसं चुकीचंच. या गाडीत गिअर नाहीत असं नाही, मोजता येणार नाहीत इतके आहेत! दोन बशा पाठीला पाठ लावून धरा. मध्ये व्हीसारखी खाच दिसेल. अशी एक पुली इंजिनाकडे, एक मागच्या चाकाकडे आणि दोन्हींना जोडणारा रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि एका बशीला दुसरीकडे ढकलतात. खाच अरुंद झाली की बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तर तेवढीच, त्यामुळे मागच्या पुलीत तो आत खेचला जातो आणि तिथल्या बशा स्प्रिंगला दाबून फाकतात. झाला गिअर बदलला, आपल्याला पत्ताही न लागता. नेदरलँड्समध्ये हब व्हॅन डॉर्न यांनी १९५८ साली डाफ ६०० ही अख्खी मोटार याच तत्त्वावर लोकांपुढे आणली होती. स्कूटरमध्येही तेच तत्त्व.

आता हा बेल्ट झिजतो कसा? तुटतो तो फार पुढे. आधी त्याच्या दोन्ही कडा बशांवर घासून घासून तो अरुंद होतो. अरुंद बेल्ट खाचेत खोल बसतो, आणि पुढची बशी शेवटपर्यंत सरकली तरी तो काठापर्यंत पोचत नाही. म्हणजे वरचा गिअर हळूहळू गायब होतो. इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही. रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर बशी ढकलण्याचं कामही अडखळत होतं. यात कुठला दिवा लागत नाही की आवाज येत नाही. रोज चालवणाऱ्याला तर कळतच नाही, कारण कालच्यापेक्षा आज काही फरक नसतो. त्याचा हात आपोआप थोडा जास्त पिळायला लागतो, एवढंच.

आमच्या घरी नेमकं हेच चाललं होतं, पण त्याचं निदान वेगळंच झालं होतं.

बाबा दर गुरुवारी कोथरूडहून बावधनला त्यांच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. मध्ये चांदणी चौकाचा चढ. २०२३ मध्ये तिथे नवे पूल झाले, रस्ते रुंद झाले आणि गाड्या जोरात जायला लागल्या. मग बाबांचे गुरुवार चुकायला लागले. विचारलं तर म्हणाले, "चढावर मागचे हॉर्न मारतात रे. मी हळू झालोय आता." आई म्हणाली, यांना नीट दिसत नाही. बायकोचं म्हणणं, त्र्याहत्तराव्या वर्षी हवीय कशाला गाडी, रिक्षाने जावं. नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "काका, भंगारात द्या, इलेक्ट्रिक घ्या." त्यात २०२४ मध्ये गाडीची फेरनोंदणी आली. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यामुळे ठेवायची की काढायची हे ठरवणं भाग होतं. बाबा म्हणाले, "काढून टाका." ज्या आवाजात म्हणाले तो मला अजिबात आवडला नाही. गाडी त्यांनी माझ्या दहावीच्या वर्षी घेतली होती, आणि काढायच्या निर्णयात ते स्वतःलाही थोडं काढून टाकत होते.

मी सॉफ्टवेअरवाला. एखादा प्रोग्रॅम हळू चालायला लागला की मीटिंगमध्ये प्रत्येकजण छातीठोकपणे कारण सांगतो: डेटाबेस, नेटवर्क, दुसऱ्या टीमचं काम. अशा वेळी एकच उपाय असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधी-नंतर मोजायचं. इथे संशयित दोन होते, गाडी आणि बाबा. बदलता येण्यासारखी त्यातली एकच :-)

म्हणून एका रविवारी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, बाबांची गाडी मी स्वतः त्या चढावर नेली. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून एका ठरावीक खांबापाशी स्पीडोमीटर बघितला. काटा अठ्ठावीसच्या आसपास थरथरत होता! म्हणजे माझ्या हातातही ती हळूच होती.

घरी येऊन किक असलेलं डाव्या बाजूचं झाकण उघडलं. आतमध्ये रबराचा काळा भुगा पसरला होता. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून जिथला तिथे खोचून ठेवले. (ही आयडिया बाबांची. ते शेजारी स्टूल टाकून बसले होते, "मी काही बोलणार नाही" असं म्हणून सतत बोलत.) पुढच्या पुलीचा नट सोडवायला पुली धरून ठेवणारा वेगळा पाना लागतो. फटीत स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो नट सोडवतात, पण त्यात पुलीचे पंखे तुटतात. जुना बेल्ट काढून वाकवला तर आतल्या दात्यांच्या मुळाशी चिराच चिरा. व्हर्नियर लावला तर नाना पेठेतून आणलेल्या नव्या बेल्टपेक्षा तो सव्वा मिलिमीटर अरुंद भरला. रोलरही चपटे झालेले, तेही बदलले.

नवा बेल्ट घालताना खरी मेख एकच आहे. आधी मागच्या पुलीच्या बशा हाताने फाकवून बेल्ट तिथे खोल दाबायचा, म्हणजे पुढे ढील मिळते. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट बशीच्या बुडाशी चिमटला जातो. नट घट्ट वाटतो, पण तो लोखंडावर नाही तर रबरावर बसलेला असतो. गाडी चालली की बेल्ट वर सरकतो, नट ढिला पडतो आणि शाफ्टचे आटे जातात. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवायचा, आणि बशांना तेलाचा हात लागू द्यायचा नाही. सगळं पुसून, आवळून, पुली हाताने फिरवून बेल्ट वर आलेला बघितला आणि झाकण लावलं.

पुढच्या रविवारी तोच चढ, तीच वेळ, तोच खांब. बेचाळीस!

बाबांना आकडे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो तर." गुरुवारी हेल्मेट घालून निघाले. मी रजा टाकून माझ्या गाडीवर मागे, अंतर ठेवून. चढ त्यांनी सुरेख चढला, कुणी हॉर्न मारला नाही. पण वर जिथे उजवीकडचा रस्ता येऊन मिळतो तिथे ते एकदम हळू झाले आणि पूर्ण मान वळवून बघायला लागले.

बावधनला पोचल्यावर त्यांनीच विषय काढला. "गाडी झकास झालीय. पण उजवीकडून येणारं मला उशिरा दिसतं रे. इतके दिवस वाटायचं, आपण हळू चालवतो म्हणून सगळं अंगावर येतंय. आज गाडी पळत होती, तरी तसंच झालं."

म्हणजे आईचंही बरोबर होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. दोन झिजलेल्या गोष्टी एकमेकींच्या आड लपून बसल्या होत्या आणि पहिली बाजूला केल्याशिवाय दुसरी दिसणार नव्हती. बेल्ट न बदलता गाडी विकली असती, तर बाबा 'म्हातारा झालो' एवढ्याच निदानावर घरी बसले असते, आणि डोळा तसाच राहिला असता.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वयात परवानाही पाच-पाच वर्षांनीच नवा होतो आणि त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, तेही डोळा बरा झाल्यावर घेतलं. गाडीची फेरनोंदणीही झाली. एक नियम मात्र बाबांनी स्वतःच घालून घेतलाय: दिवेलागणीच्या आत घरी. खेळ अर्धा राहिला तर राहिला, पट तसाच झाकून ठेवतात आणि पुढच्या गुरुवारी तिथूनच पुढे.

जुना बेल्ट टाकून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "असू दे, वेळेला लागतो." सव्वा मिलिमीटर झिजलेला, चिरा पडलेला बेल्ट कुठल्या वेळेला लागणार ते त्यांनाच ठाऊक. सध्या तो जिन्याखालच्या खिळ्यावर टांगलाय. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत. त्याखाली बाबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीखही लिहिली आहे.