जनरेटरचा सेल्फ

इंजिन एकदा सुरू झाले की ते आपल्याच स्फोटांच्या बळावर चालत राहते. परंतु पहिला स्फोट होण्यासाठी आतला दट्ट्या बाहेरून कुणीतरी हलवावा लागतो. मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात हे काम माणसाचा हात करी. गाडीच्या पुढे हँडल घालून ते फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर तेच हँडल उलटे फिरून मनगट मोडायचे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने 1911 साली विजेचा स्टार्टर यशस्वी करून दाखविला आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत तो आला. त्याआधी केटरिंग यांनी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. क्षणभरच राबायचे असेल, तर लहानशी मोटरही ताकदीबाहेरचे ओझे पेलते, हे मर्म त्यांनी तिथे वापरले होते.

चर्चमागच्या आमच्या छोट्या पेट्रोल जनरेटरलाही असाच सेल्फ आहे. गेल्या पावसाळ्यात तो रुसला. लाईट गेली, बटण दाबले, की नुसते ‘टक्’! मग आमचे सेवककाका दोरी ओढीत. वय पासष्टीपुढचे, उजवा खांदा दुखरा. ‘दोरी आहे ना, मग खर्च कशाला?’ असे समितीतील एका सदस्यांनी विचारले. सूचना काटकसरीची होती. मात्र दोरी ओढणारा खांदा त्यांचा नव्हता.

मिस्त्री आले. त्यांनी आल्याआल्या सेल्फ खोलला नाही, हे आम्हांला आवडले. समुद्राच्या खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा थर त्यांनी आधी खरवडला. मग मीटर लावून बटण दाबावयास सांगितले. काटा 12.6 व्होल्टवरून जेमतेम हलला.

“फादर, सेल्फ जाम असता तर काटा धाडकन खाली आला असता. हा करंट खातच नाही.”

सोलेनॉइडच्या पलीकडे, मोटरच्या टोकाशीही व्होल्ट पुरेपूर मिळाले. म्हणजे दोष आतल्या कार्बन ब्रशांचा! पान्याने सेल्फच्या अंगावर हलकेच टकटक करताच तो एकदा फिरलाही. झिजून आखूड झालेले ब्रश तेवढ्या धक्क्याने क्षणभर टेकले होते.

नुसते ब्रश बदलून भागले असते, तर आम्ही तेच केले असते. परंतु खोलून पाहता बुशही झिजलेले, त्यामुळे आर्मेचर आतल्या चुंबकांना घासलेले, आणि ब्रश जिथे टेकतात त्या तांब्यावर खोल चऱ्या पडलेल्या. एवढे सारे दुरुस्त करावयाचे तर नवा सेल्फच परवडणार होता. आम्ही होकार दिला.

बदलण्याचे काम तासाभराचे, पण त्यात क्रम आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवायची. कारण ती इंजिनाच्या अंगाला जोडलेली असते, आणि धन टोक सोडविताना पाना अंगाला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. स्पार्क प्लगची टोपीही काढायची. नव्या सेल्फच्या पिनियनचे दाते जुन्याशी मोजून पाहायचे. मिस्त्रींनी दोरीने फ्लायव्हील सावकाश फिरवून त्याचेही दाते तपासले. एका सिलिंडरचे इंजिन थांबताना बहुधा दाबापाशी येऊन त्याच जागी थांबते, म्हणून तेवढेच दाते अधिक झिजतात, असे त्यांनी दाखविले. सुदैवाने ते शाबूत होते. सेल्फ जिथे बसतो ती जागा पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली. करंट परत जातो तो इंजिनाच्या अंगातूनच. मध्ये गंज वा रंग राहिला, तर नवा कोरा सेल्फही मरगळल्यासारखा फिरतो.

बटण काकांनीच दाबले. दोन सेकंदांत इंजिन सुरू झाले. “एवढंच?” काका म्हणाले आणि त्यांनी ते बंद करून पुन्हा सुरू केले. आम्ही हटकले नाही.

एका दमात पाच सेकंदांहून अधिक बटण दाबू नये, न लागल्यास मोटर निवू द्यावी, असे मिस्त्रींनी बजावले आहे. जुना सेल्फ ते तांब्यासाठी घेऊन गेले. दोरी जागच्या जागी आहे. बॅटरी उतरलीच तर ती लागेल, आणि तेव्हा ओढावयास युवकांपैकी दोघांची नावे आम्ही फळ्यावर लिहून ठेवली आहेत.